न बोलणाऱ्या लेकराचं ऐकायचं कसं?



मागे केंदूरला ग्रामसंघाची बैठक होती. हप्ते झाले, बँकेचे कागद झाले, आणि उठता उठता एका ताईंनी हळूच विषय काढला. त्यांची ओळख पटू नये म्हणून थोडा तपशील बदलून सांगते. त्या म्हणाल्या, "माझ्या लेकीला बोलता येत नाही, समजही कमी आहे. मी कामावर गेले की ती कधी ह्या घरी, कधी त्या घरी असते. गेले आठ दिवस ती अंघोळीला कपडे काढू देत नाही. ओरडते, चावते. दवाखान्यात विचारलं तर म्हणाले, अशी मुलं हट्टीच असतात. तुम्हाला काय वाटतं?"

कुणीच काही बोललं नाही. सगळ्या एकदम चहाचे कप गोळा करायला उठल्या. त्यांच्यात मीही होते. घरी गेल्यावर झोप आली नाही, म्हणून ह्या विषयावर डॉक्टर लोकांनी काय अभ्यास केलाय ते वाचायला घेतलं. वाचलं ते तुम्हाला सांगते. विषय अवघड आहे, पण आपल्यापैकी कित्येकींच्या घरात, भावकीत असं लेकरू आहे.

आधी असं लेकरू म्हणजे कोणतं ते बघू. जन्मापासून किंवा लहानपणी मेंदूच्या, ज्ञानेंद्रियांच्या वाढीत अडचण येते आणि मूल चालायला, बोलायला, शिकायला, माणसांत मिसळायला मागं पडतं. आपण सरसकट 'मतिमंद' म्हणून मोकळ्या होतो. पण त्यात बौद्धिक अपंगत्व आलं, स्वमग्नता आली, सेरेब्रल पाल्सी आली, फिट्स येणं आलं, ऐकू न येणं आलं. बहिऱ्या मुलाला आपण 'वेडं' म्हणून टाकतो, तेव्हा त्याची बुद्धी तुमच्याआमच्यासारखीच असते.

अशी लेकरं किती असतील? आपल्या देशात पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या जवळपास ४,००० मुलांची तपासणी करून एक अभ्यास झाला, तो २०१८ साली छापून आला. त्या पाचांत आपल्या शेजारचा उत्तर गोवा होता. सहा वर्षांखालच्या शंभर मुलांत नऊ आणि सहा ते नऊ वयाच्या शंभरांत तेरा-चौदा मुलांना अशी कोणती ना कोणती अडचण निघाली. म्हणजे गावात त्या वयाची तीनशे लेकरं असतील तर तीसएक. एवढी आपल्याला दिसतात का? बरीचशी घराच्या आत असतात. त्याच अभ्यासात कारणंही सापडली. बाळंतपण घरी होणं, बाळ जन्मल्यावर लगेच न रडणं, दिवस भरायच्या आत किंवा कमी वजनाचं जन्मणं, पुढं पोषण कमी पडून उंची खुंटणं. एकातही आईच्या पापाचा, ग्रहणाचा किंवा करणीचा संबंध नाही. हे सासूबाईंनाही वाचून दाखवा.

आता मूळ मुद्दा. अशा मुलांना मारहाण, छळ, हेळसांड, लैंगिक अत्याचार इतर मुलांपेक्षा जास्त सोसावे लागतात का?

आपल्यातली एखादी विचारील, हे मोजतात कसं? लेकरू तर सांगत नाही. रास्त प्रश्न आहे. शेजारच्या वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं केंद्र आहे. शिरूर-हवेलीतल्या २२ गावांत त्यांचे लोक घरोघर फिरून जन्म-मृत्यू-आजार यांची नोंद ठेवतात, ते काहीजणींनी पाहिलंही असेल. साधारण तसंच, पण वेगळ्या विषयावर, अमेरिकेतल्या ओमाहा शहरात झालं. तिथं दोन संशोधकांनी शाळेत जाणाऱ्या ५०,२७८ मुलांची यादी घेतली आणि ती पोलिसांच्या आणि बालकल्याण खात्याच्या नोंदींशी ताडून पाहिली. कोणत्या मुलावर अत्याचाराची नोंद आहे, आणि त्यातलं कोणतं मूल अपंग आहे? २००० साली निकाल आला. अपंगत्व नसलेल्या शंभर मुलांमागं नऊ, आणि अपंगत्व असलेल्या शंभरांमागं एकतीस. ह्या फक्त नोंद झालेल्या गोष्टी. जे पोलिसांपर्यंत गेलंच नाही ते ह्यात नाही.

पुढं २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने असे १७ अभ्यास एकत्र करून पाहिले. अपंग मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतरांच्या साडेतीन पटींहून जास्त निघाली. बौद्धिक किंवा मानसिक अपंगत्व असेल तर लैंगिक अत्याचाराची शक्यता साडेचार पटींच्याही वर. ते सगळे अभ्यास श्रीमंत देशांतले होते. २०२२ साली २५ देशांतले ९८ अभ्यास एकत्र आले, त्यात दीड कोटीहून जास्त मुलं होती. तेव्हा दिसलं की तीन अपंग मुलांतल्या जवळपास एकाला कधी ना कधी हिंसा सोसावी लागते, आणि गरीब देशांत हे प्रमाण आणखी जास्त. सगळ्यात जास्त काय? मारणं आणि मनाला लागेल असं बोलणं, हिणवणं. सोबतची मुलं चिडवतात, ढकलतात ते तर दहातल्या चार जणांच्या वाट्याला.

आणि हे फक्त परदेशात नाही. २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास खात्याने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला. त्यात आपलं महाराष्ट्र होतं. तीनातल्या दोन मुलांना मारहाण झालेली होती. निम्म्याहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सांगितला, आणि त्यात मुलींइतकेच मुलगे होते. त्रास देणारे निम्मे लोक ओळखीचे, विश्वासातले. ही सगळी बोलू शकणारी मुलं. जी बोलूच शकत नाहीत त्यांचं काय, हे तुम्हीच ताडा.

असं का होतं? 'ती लेकरं कमजोर, म्हणून' असं आपण पटकन म्हणतो. मला हे पूर्ण पटत नाही. जरा आपल्या घरात डोकावू. अशा मुलीला कपडे कोण घालतं, धुतं कोण, भरवतं कोण? आई, आजी, काकू, कधी भाऊ, कधी शेजारचं कुणी. ती लहानपणापासून एकच शिकते की कुणीही हात लावला तरी गप्प राहायचं. 'शहाणी मुलगी' म्हणजे जी कटकट करत नाही ती. अंगाच्या भागांना नावं आपण तिला शिकवतच नाही, कारण तिला कशाला कळायला हवं! शाळेत ती जात नाही, म्हणजे घराबाहेरचं दुसरं माणूस तिला रोज बघत नाही. आणि तिनं कधी खुणेनं काही सांगितलंच, तर 'तिला काय कळतंय' म्हणून आपण सोडून देतो. त्रास देणाऱ्याला हे सगळं माहीत असतं. म्हणून तो तिला निवडतो.

ह्याची एक जुनी गोष्ट आपल्याच तालुक्यातली आहे. साठीच्या पुढच्या काहीजणींना आठवत असेल. शिरूरला मतिमंद मुलींसाठी सरकारमान्य निवासी शाळा होती. फेब्रुवारी १९९४ मध्ये तिथल्या मुलींना पुण्याला ससून रुग्णालयात नेलं आणि दहाहून जास्त जणींची गर्भपिशवी काढली. पिशवीला काही आजार नव्हता. कारण असं दिलं की त्यांना पाळीत स्वच्छता ठेवता येत नाही, सांभाळणाऱ्यांना जड जातं. अत्याचार झालाच तर निदान दिवस तरी राहणार नाहीत, असंही तेव्हा बोललं गेलं. पुण्या-मुंबईच्या महिला संघटना आणि काही डॉक्टर रस्त्यावर उतरले, न्यायालयात गेले. मुख्यमंत्र्यांनी उरलेल्या शस्त्रक्रिया थांबवल्या.

पिशवी काढणं आपल्याला नवं नाही, बीडच्या ऊसतोड बायांचं तर सगळ्या राज्यानं ऐकलं. पण शिरूरच्या गोष्टीत दुसरंही काहीतरी आहे. पिशवी काढली म्हणून अत्याचार थांबतो का? नाही. फक्त त्याचा पुरावा राहत नाही. तिला वाचवायचं सोडून आपण ते दिसणार नाही अशी व्यवस्था करतो. आजही एखादी आई येऊन विचारते, "ताई, हिची पिशवी काढून टाकली तर?" त्या आईला मी नावं ठेवणार नाही, तिच्या जिवाला घोर आहे. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलंय की अपंग व्यक्तीच्या स्वतःच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय तिचं मूल होणं बंद होईल असा कोणताही उपचार करता येत नाही. आणि पाळीचं म्हणाल तर, बऱ्याच मुलींना चित्रं दाखवून, रोज तेच तेच करवून घेऊन पाळीची घडी बदलायला शिकवता येतं. वेळ लागतो, कधी दोन वर्षं लागतात, पण जमतं.

संस्थेत ठेवलं की मूल सुरक्षित, असंही समजू नका. पनवेलजवळ कळंबोलीच्या एका बालगृहात मतिमंद मुलींवर अत्याचार होत होते. २०११ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने झालेल्या पाहणीत ते उघडकीला आलं, कारण आलेल्या बायांनी मुलींजवळ बसून वेळ दिला. २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह काहीजणांना दोषी ठरवलं. 'तिला काय कळतंय' म्हणून ज्यांना सोडून दिलं असतं, त्याच मुलींमुळं हे झालं.

आता उलटी बाजूही बघू. अपंगत्वामुळं अत्याचार होतो, तसा अत्याचारामुळंही अपंगत्व येतं. तान्ह्या बाळाची मान नाजूक, डोकं जड. रडणं थांबत नाही म्हणून कुणी रागानं बाळाला धरून गदगदा हलवलं, तर मेंदू कवटीच्या आत आपटतो, शिरा तुटतात, डोळ्यांच्या आतही रक्त येतं. बाळ दगावतं, नाहीतर आंधळेपण, फिट्स, लुळेपण घेऊन जगतं. बाहेरून ओरखडाही दिसत नाही. पाळण्यातले झोके, झोळी, मांडीवर खेळवणं ह्यानं असं होत नाही, त्याची भीती नको. भीती रागाच्या हातांची. सहा-आठ आठवड्यांचं बाळ सगळ्यात जास्त रडतं, हा त्या वयाचा स्वभाव आहे. डोकं फिरायला लागलं तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवा, दारात जाऊन पाच मिनिटं उभ्या राहा, शेजारणीला हाक मारा. नवऱ्यालाही हे सांगा, त्याला कुणी सांगत नाही.

मारलं नाही, पण कुणी जवळही घेतलं नाही, तरी मेंदूची वाढ अडते. रोमानियात अनाथाश्रमांत मुलं नुसती खाऊ-पिऊ घालून खाटांवर ठेवलेली असायची. २००० सालापासून तिथं १३६ मुलांचा अभ्यास झाला. निम्म्या मुलांना सांभाळायला चांगली घरं दिली. जी दोन वर्षांची व्हायच्या आत घरात गेली, त्यांची बुद्धी आणि माणसाशी जोडलं जाणं दोन्ही सुधारलं. जी उशिरा गेली, त्यांचं तेवढं भरून आलं नाही. म्हणून आपलं अपंग बाळ 'त्याला कळत नाही' म्हणून खाटेवर पडून राहिलं, तर त्याचं आधीचं अपंगत्व वाढतं. भाकरी थापताना त्याच्याशी बोललात तरी तो उपचारच आहे.

आता मी खाटेला बांधलेल्या लेकराबद्दल लिहिते. लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं.

आपल्या भागात बाई पहाटे कांद्याला जाते, नाहीतर सणसवाडी-रांजणगावच्या कंपनीत पाळीवर जाते. घरी बारा वर्षांचा मुलगा, समज नाही, रस्त्यावर पळतो, विहिरीकडं जातो. ती त्याचा पाय ओढणीनं खाटेला बांधते, पाण्याचा तांब्या ठेवते आणि जाते. कायद्याच्या भाषेत ही हेळसांड आहे, आणि मुलाच्या मनावर, पायावर त्याचे वळ उठतातच. पण तिला गुन्हेगार म्हणून आपण मोकळ्या व्हायचं का? ती कामावर गेली नाही तर आपल्याच गटाचा हप्ता थकतो, आणि मग आपणच तिच्या दारात जातो. मी गेलेय. दारातून खाट दिसत होती आणि मी हप्त्याचंच बोलले.

डॉक्टरही ह्यात फार उशिरा जागे झाले हो. आई-बाप मुलाला इतकं मारू शकतात की हाडं मोडतील, हे अमेरिकेतल्या डॉ. केंप यांनी १९६२ साली लिहिलं, तेव्हा कुठं वैद्यकशास्त्रानं ते मान्य केलं. अपंग मुलांच्या बाबतीत एक चूक दवाखान्यात अजून होते. मूल वेगळं वागायला लागलं की सगळं त्याच्या अपंगत्वाच्या खाती टाकतात. 'अशी मुलं हट्टीच असतात.' म्हणून आपल्याला एक गोष्ट पक्की माहीत हवी, की त्याचं रोजचं वागणं आणि आत्ताचं वागणं ह्यात फरक पडलाय का? तो फरक दवाखान्यातल्या माणसाला दिसणार नाही, आईला दिसतो. अचानक अंथरूण ओलं करायला लागलं, एका ठरावीक माणसाला, घराला किंवा गाडीला बघून थरथरलं, कपडे काढू देईना, स्वतःला चावायला लागलं, लघवीला जळजळ, चालताना त्रास. न चालणाऱ्या, न रांगणाऱ्या मुलाच्या अंगावर काळंनिळं कशानं येईल? ते स्वतः कुठं आपटायला जात नाही. कानावर, मानेवर, पोटावर वळ दिसले तर जास्त सावध व्हा.

पण घाईही नको. तान्ह्या बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर जन्मतःच निळसर डाग असतात, ते माराचे नसतात. न चालणाऱ्या मुलांची हाडं ठिसूळ होतात, कपडे बदलतानाही मोडू शकतात. लघवीचा साधा संसर्ग, दातदुखी, कानदुखीनंही न बोलणारं मूल असंच ओरडतं. म्हणून आधी डॉक्टर, गावभर चर्चा नाही. दवाखान्यात सांगताना 'हट्ट करते' म्हणू नका. 'अमुक तारखेपासून वागणं बदललंय, तपासा' असं म्हणा.

शंका पक्की वाटली तर काय? पोक्सो हा कायदा २०१२ चा, अठरा वर्षांखालच्या मुला-मुलींसाठी. ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर दावा लावता येत नाही. १०९८ वर फोन करा, नाहीतर ११२ वर. जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता, मुलीच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथं येऊन घ्यायचा. मुलीला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनं करायची. आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मुलीला बोलता येत नसेल तर तिच्या खुणा समजणारं माणूस किंवा विशेष शिक्षक सोबत घेता येतो. 'बोलतच नाही, तक्रार कशी घेऊ' हे कुणी म्हटलं तर ते चालत नाही. अपंगत्वाचा फायदा घेऊन केलेला गुन्हा कायद्यात जास्त गंभीर धरलाय. एक मात्र लक्षात घ्या. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पोक्सोसाठी खरं वय धरायचं, समजेचं नाही. पंचवीस वर्षांच्या पण पाच वर्षांची समज असलेल्या बाईसाठी बलात्काराचा नेहमीचा कायदा लागतो. त्यातही तिचं अपंगत्व गुन्हा गंभीर करतं.

हे झालं वेळ आल्यावरचं. वेळ यायच्या आधी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा बाल स्वास्थ्याची तपासणी पथकाची गाडी येते, त्या दिवशी आपलं लेकरू लपवू नका. ते पथक पुढं औंधच्या जिल्हा रुग्णालयाकडं पाठवतं. दिव्यांगाचं यूडीआयडी कार्ड काढा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्वाला 'निरामय' विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. घरात तिला अंगाच्या भागांची नावं शिकवा, बोलता येत नसेल तर खूण ठरवा. 'नको' ही खूण पहिली. आणि तिनं 'नको' म्हटलं की, साधं पावडर लावणं असलं तरी, एकदा थांबा. तिचं 'नको' घरात चालतं हे तिला कळू दे.

त्या ताईंचं विचाराल. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीजणी त्यांच्यासोबत गेलो. महिला डॉक्टरनं तपासलं, वेळ दिला. काय निघालं ते इथं लिहिणार नाही, ते त्या घराचं आहे. मुलीला आता त्या दुसऱ्या घरी ठेवत नाहीत.

गटानं पाळी लावलीय. सोमवार ते शनिवार, सकाळी नऊ ते एक, एक बाई त्यांच्या घरी बसते. एकटी नाही, दारं उघडी, आणि सोबत दुसरी कुणीतरी येऊन-जाऊन. निवडायचं, शिवायचं काम तिथंच नेतो. मुलीनं पहिले आठ दिवस कुणाला जवळ येऊ दिलं नाही. आता शेंगा फोडायला बसते, अर्ध्या फोडते, अर्ध्या खाते. गुरुवारची पाळी रिकामी आहे. जिला जमेल तिनं ग्रामसंघाच्या वहीत नाव लिहावं.